आडवी रेघ, उभी रेघ

जूनच्या मध्यावर शाळेची घंटा होते तेव्हा गावात पेरणीची घाई असते. बाप तिफणीमागे, आई बियाणं निवडत बसलेली, आणि सहा वर्षांचं पोर नवं दप्तर पाठीला लावून शाळेच्या दारात. रात्रीच्या पावसाच्या पागोळ्या पत्र्यावरून अजून गळत असतात. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण असतं आणि चौथीतल्या मुली ओवाळणीचं ताट घेऊन उंबऱ्याशी उभ्या असतात. पहिलीत येणाऱ्याच्या डोक्यावर कागदी टोपी चढते, पाय कुंकवाच्या पाण्यात बुडवून त्याचा ठसा कागदावर घेतला जातो. काही गावांत बैलगाडीतून मिरवणूक निघते. विदर्भात ऊन उतरायला वेळ लागतो, म्हणून तिथे हाच सोहळा जूनच्या अखेरीकडे होतो. ठसा वाळत असतो आणि ज्याचा तो ठसा, त्या पोराचे डोळे मात्र फाटकावर असतात. आई गेली की काय?

पहिलीतलं मूल शाळेत सगळ्यात आधी हेच शिकतं, की गेलेली आई परत येते. हा धडा कुठल्या पुस्तकात नाही आणि त्याला तास नेमलेला नाही. तो एका दिवसात होत नाही. पहिल्या आठवड्यात वर्गात रडण्याची साथ येते, एकाचं पाहून दुसरा रडतो. बाई एकाला कडेवर घेतात, दुसऱ्याच्या हातात चेंडू देतात, तिसऱ्याला पाणी पाजतात. घंटा झाली की फाटकाशी आई दिसते. दुसऱ्या दिवशीही दिसते. पाच-सहा दिवसांनी मूल मागे वळून पाहायचं थांबतं, आणि मग त्याला भिंतीवरचं चित्र दिसू लागतं.

घरी आल्यावर प्रश्न ठरलेला. “आज काय शिकवलं?”

उत्तरही ठरलेलं. “काही नाय, खेळलो.”

आई पाटी उलटून पाहते. पाटीवर चार वाकड्या रेघा. वहीत त्याहून कमी. मग शेजारच्या इंग्रजी शाळेतलं पोर एबीसीडी म्हणतं याची आठवण निघते, आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षकांपर्यंत निरोप जातो की लेकराला अभ्यास द्या. या निरोपामागे आईची काळजी असते, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या चार वाकड्या रेघांमध्ये काय काय भरलेलं आहे, हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं.

रेघ हाताने काढली जाते, पण ती येते खांद्यापासून. मूल आधी मातीत काठीने रेघ ओढतं, तेव्हा सगळा हात हलतो. मग खडूने फरशीवर ओढतं, तेव्हा मनगट हलतं. शेवटी पेन्सिल अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्यामध्ये बसते आणि फक्त बोटं हलतात. या प्रवासाला आठवडे लागतात. मधल्या काळात मुलं चिखलाचे बैल करतात, कागद फाडून चित्रावर चिकटवतात, चिंचोके आणि ज्वारीचे दाणे चिमटीने उचलून वेगवेगळे करतात. पाहणाऱ्याला तो खेळ वाटतो, पण त्या चिमटीतच पुढचं अक्षर तयार होत असतं. आडवी रेघ, उभी रेघ, तिरपी रेघ, अर्धा गोल एवढं जमलं की देवनागरीतली बहुतेक अक्षरं हाताच्या टप्प्यात येतात. पाकळीचा ल आणि देठाचा श यांना मात्र थोडा उशीर लागतो.

ही समज महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. महागडी साधनं परवडणार नाहीत, तेव्हा शंख-शिंपले, खडे, पानं, बिया यांचीच साधनं त्यांनी केली. मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्या पाड्यावर गेल्या आणि अंगणात मुलं जमवून बसल्या. अंगणवाडी हा शब्द त्या अंगणातून आला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी थेट कुरणात शाळा भरली, तिचं नाव कुरणशाळा. आज सरकारी कागदावर याच विचाराला वेगळी नावं आहेत. २०२१ मध्ये केंद्राने पहिलीच्या सुरुवातीच्या तीन महिन्यांसाठी ‘विद्या प्रवेश’ हा खेळांवर आधारलेला कार्यक्रम आणला. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळा पूर्वतयारीचे मेळावे भरतात. तिथे मूल रेषेवरून चालतं, चेंडू फेकतं, कागदाची घडी घालतं, लहान-मोठं ओळखतं, आणि आई या सगळ्याच्या नोंदीचं विकासपत्र हातात घेऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते. या मेळाव्यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे आई तिथे मुलाशेजारी उभी असते आणि त्या खेळाला शिक्षण म्हणतात हे ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहते.

मग येतात अक्षरं.

मोठ्यांना वाटतं, सुरुवात अ आ इ ई पासूनच व्हायला हवी. पण अ हे काढायला अवघड अक्षर, आणि अ आ इ ई ओळीने पाठ झाले तरी त्यातून शब्द फारसे बनत नाहीत. जुन्या गुरुजींनाही हे ठाऊक होतं, म्हणून ग म भ न हा क्रम मराठी घरांच्या तोंडात बसला. या चार अक्षरांची वळणं एकमेकांच्या जवळची आहेत. शिवाय चारच अक्षरं आली तरी मन, नग, नभ, गमन, मगन असे शब्द हाताशी लागतात. त्यांच्या जोडीला काना आला की दारच उघडतं. मामा! नाना! मान, गाभा, भान. ज्या मुलाला कालपर्यंत रेघा येत होत्या, तो आज ‘मामा’ लिहितो आणि पाटी छातीशी धरून घरी पळत जातो. मूळच्या अमेरिकेच्या आणि पुढे फलटणच्याच झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखन मुलांना कसं सोपं होईल, यावर आयुष्यभर काम केलं. त्याच कामाचा भाग असलेलं तिथलं कमला निंबकर बालभवन १९८६ पासून चालू आहे.

अक्षर येण्याआधी कान तयार व्हावा लागतो. बाई म्हणतात, शब्द म्हणा आणि टाळ्या वाजवा. टोपी, दोन टाळ्या. बाहुली, तीन टाळ्या. गवत म्हटलं की मुलं दोनच टाळ्या वाजवतात, ग आणि वत. फळ्यावर मात्र अक्षरं तीन उमटतात. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांच्यात ही अशी फट आहे. मोठ्यांना ती दिसेनाशी झालेली असते. सहा वर्षांच्या मुलाला ती लख्ख दिसते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ते ती फट ओलांडत असतं. एखादा मुलगा ‘गवत’ वाचताना अडखळत असेल, तर तो मंद नसतो, त्याचा कान बरोबर ऐकत असतो.

त्यातही प्रत्येकाच्या घरची बोली वेगळी. वऱ्हाडातलं मूल ‘पानी’ म्हणतं, पुस्तकात ‘पाणी’ असतं. मालवणी मूल ‘माका’ म्हणतं, पुस्तक ‘मला’ म्हणतं. मेळघाटात कोरकू मुलाच्या घरी पाण्याला ‘डा’ म्हणतात, तर गडचिरोलीत गोंडी घरात ‘येर’. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आणि गोंडी द्राविडी. मराठीशी त्यांचं नातं शेजाराचं आहे, रक्ताचं नाही. या मुलांसाठी जून महिना म्हणजे अक्षरं शिकण्याआधी एक अख्खी भाषा शिकणं. त्यांच्या वर्गात जे शिक्षक ‘डा’ आणि ‘येर’ हे शब्द फळ्यावर लिहितात आणि शेजारी ‘पाणी’ लिहितात, ते त्या मुलाला सांगतात की तुझ्या घरचा शब्दही शाळेत बसू शकतो. जे हसतात किंवा दटावतात, त्यांच्या वर्गातलं मूल गप्प होतं आणि कधीकधी वर्षभर गप्प राहतं. गावाकडच्या मराठी मुलालाही एक नवं व्याकरण शिकावं लागतं. घरी आईला ‘तू’, आजीला ‘तू’. बाईंना मात्र ‘तुम्ही’. “बाई, तू आलीस?” असं म्हणणारं मूल उद्धट नसतं. त्याने बाईंना आईच्या जागी धरलेलं असतं.

गणितही आकड्यांपासून सुरू होत नाही. आधी आत-बाहेर, वर-खाली, जास्त-कमी. मग एका ताटाला एक वाटी, एका मुलाला एक खडा. ही जोडी लावता आली की मोजणं येतं, तोवर एक ते दहा हे नुसतं गाणं असतं. पाच चिंचोक्यांतून एकेक उचलत गेलं की शेवटी रिकामी मूठ उरते. तिला शून्य म्हणायचं. त्यानंतर दहा काड्या दोऱ्याने बांधल्या जातात, त्याचा गठ्ठा होतो, आणि एक गठ्ठा नि तीन काड्या म्हणजे तेरा हे हातांना कळतं.

वीसच्या पुढे मराठी मुलाची खरी परीक्षा आहे. ‘त्रेसष्ट’ म्हटलं की कानावर आधी तीन येतात, मग साठ. मूल ऐकलं तसं लिहितं, ३६. ‘एकोणतीस’ ऐकलं की तीसातून एक वजा करावा लागतो. आणि नव्व्याण्णवला पोचल्यावर एकोणचा तो नियमही मोडतो. सोलापूरकडच्या कानडी घरातल्या मुलाला सव्वीस म्हणजे इप्पत्तारु, आधी वीस, मग सहा, जसं लिहायचं तसंच. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात जुन्या नावांच्या जोडीला वीस एक, वीस दोन अशी वाचनाची रीत आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद पेटला. भाषा बुडाली, असं लोक म्हणाले. गणिताच्या अभ्यासगटाच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं. जोडाक्षरांनी भरलेली आणि उलट क्रमाची ही नावं मुलांना अडवतात, तर त्यांना एक सोपी वाटही द्या. वादात कुणाची बाजू घ्यायची ते ज्याचं त्याने ठरवावं. पण त्या निमित्ताने सबंध राज्याने, एका सात वर्षांच्या मुलाला ३६ आणि ६३ यांत काय दिसतं, याचा महिनाभर विचार केला. असा विचार पुन्हा पुन्हा व्हायला हवा.

दुपारी खिचडीचा वास वर्गात शिरतो आणि सगळं शिकणं थांबतं. थांबतं असं वाटतं, एवढंच. हात धुणं, रांगेत बसणं, सगळ्यांना वाढून होईपर्यंत घास न उचलणं, शेजाऱ्याला कमी पडलं तर हाक मारणं हेही तिथेच शिकून होतं. प्राथमिकच्या मुलाला या जेवणातून दररोज ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण ठरलेलं आहे. ज्या घरची माणसं सकाळी सातला शेतावर जातात, त्या घरच्या मुलासाठी ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असू शकतं. जेवण झालं की पोरं ओल्या मातीत जातात. मखमली लाल मृगाचा किडा तळहातावर घेतात, पाय मोजतात. आठ भरतात. मुंगीचे मोजतात, सहा भरतात. विज्ञानाचा पहिला तास असा मैदानाच्या कडेला होऊन जातो.

हे सगळं बहुधा एकच शिक्षक करत असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक. म्हणजे खेड्यातल्या कितीतरी शाळांत पहिली आणि दुसरी एका खोलीत, तिसरी आणि चौथी दुसऱ्या खोलीत. एका कोपऱ्यात दुसरीला हातच्याची बेरीज, दुसऱ्या कोपऱ्यात पहिलीचं रडं, आणि मध्ये अर्जंट माहितीसाठी वाजणारा फोन. तरीही ऑगस्टच्या झेंडावंदनाला तीच पहिली रांगेत उभी राहते. दसऱ्याला पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढते, आणि तोवर त्या आकड्यांचं वळण हातात पक्कं बसलेलं असतं.

दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातल्या गावांत मुकादमाच्या फेऱ्या सुरू होतात. ऊसतोडीची टोळी एकदा कारखान्याकडे निघाली की मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. आई-बाप दोघेही कोयत्यावर, मग लेकरूही बैलगाडीवर किंवा ट्रॉलीत. त्या मुलाच्या वाट्याला जून ते दिवाळी एवढीच सलग शाळा येते. आईची वाट पाहायला शिकणं, रेघ, काना, काड्यांचा गठ्ठा, सगळं त्या चार महिन्यांत मावायला हवं. गावात अशा मुलांसाठीचं हंगामी वसतिगृह वेळेवर सुरू झालं, आजी किंवा शेजारीण मुलाचं जेवण करायला तयार झाली, तर ते मूल मागे राहतं आणि दुसऱ्या सत्रात त्याच पाटीवर जोडाक्षरं लिहितं. नाही झालं, तर त्याची पाटी दिवाळीच्या सुट्टीत जिथे मिटली तिथेच राहते. म्हणून हे वसतिगृह टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी उघडलेलं असलं पाहिजे. त्यानंतर महिन्याने उघडलं तर ज्याच्यासाठी उघडायचं ते मूल तोवर फडात पोचलेलं असतं.