टाकीचे झाकण

वाशीमला आमच्या घरासमोरच्या कडुलिंबाखाली एक मोटार उभी असते. तिला मोटार म्हणावे की नाही, यावर आमच्या आळीत दोन पक्ष आहेत. ती प्रीमियर पद्मिनी. म्हणजे १९६४ साली जी फियाट ‘डिलाइट’ म्हणून आपल्याकडे आली आणि १९७४ साली जिला हे राणीचे नाव मिळाले, तीच. मुंबईने आपल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींना २०२३ च्या ऑक्टोबरात निरोप दिला. आमच्याने तो देववला नाही, कारण ही गाडी दादांची. दादा गेले, गाडी राहिली. ती कागदोपत्री वहिनींच्या, चालवण्यापुरती माझ्या आणि धुण्यापुसण्यापुरती पुतण्याच्या वाट्याला आली.

गेल्या होळीच्या सुमारास माझ्या लक्षात आले की, पेट्रोल फार लवकर संपते आहे. पुतण्या नुकताच कॉलेजात जाऊ लागला होता आणि त्याच्या एका मित्राकडे मोटारसायकल होती. एवढा पुरावा मला पुरला. मी त्याला काही बोललो नाही. आपण पांढरपेशी माणसे बोलत नाही, कुलूप आणतो. अकोल्याहून मी टाकीला कुलपाचे, चकचकीत, घट्ट बसणारे झाकण आणले आणि त्याची किल्ली जानव्याला बांधली.

त्यानंतर आठच दिवसांत गाडीने नवा आजार काढला. सकाळी गुणी मुलीसारखी सुरू व्हायची. दहा-बारा किलोमीटर गेले की घशात घास अडकल्यासारखी ठसकायची, दोन आचके द्यायची आणि बंद पडायची. दहा मिनिटांनी पुन्हा सुरू!

माझे निदान तयार होते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात इंजिनाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि पंप बिचारा द्रव ढकलायला केलेला. वाफ त्याला ढकलवत नाही. यावर जुना उपाय म्हणजे पंपावर ओले फडके. ते मी ठेवीत असे. मग कार्बुरेटरला पान्याने दोन टिचक्या. आणि शेवटी जानव्याची किल्ली काढून, झाकण उघडून, टाकीत काडी बुडवून पाही, की पेट्रोल आहे ना, की पुन्हा कोणी नेले! यानंतर गाडी हटकून चालू होई. उपचार तीन, गुण एक. श्रेय मी ओल्या फडक्याला देत असे.

वैशाखात वहिनींच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन अकोल्याला झाले. वाशीम १९९८ साली स्वतंत्र जिल्हा झाला खरा, पण डोळे आणि मोटारीचे सुटे भाग यांसाठी अकोला गाठायची आमच्या घरची सवय काही सुटली नाही. परतताना मी टाकी काठोकाठ भरून घेतली. अकोला खाली पूर्णेच्या खोऱ्यात, वाशीम वर पठारावर. पातूर सोडले की चढ लागतो. त्या चढात गाडी एकदा थांबली, दोनदा थांबली. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा फडक्यावर घालायला पाणीही उरले नव्हते. मागे वहिनी एका डोळ्यावर पट्टी बांधून निमूट बसलेल्या.

मेडशीकडून मोटारसायकलवर एक म्हातारे मिस्त्री आले आणि आपणहून थांबले. त्यांनी कार्बुरेटरची नळी सोडवून तिचे तोंड बाटलीत धरले आणि मला इंजिन फिरवायला सांगितले. चार थेंब पडले.

“भाऊ, टाकी भरली का गाडी लवकर बंद पडते ना?”

मी चकित झालो. खरेच तसे होते.

“मंग झाकन उघडा.”

मी किल्ली काढली. झाकण सैल होताच ‘फुस्स’ झाले आणि टाकीने मोठा श्वास आत ओढला.

“आता फिरवा.” बाटलीत जाड धार पडली.

“जेवढं पेट्रोल भाईर जाते, तेवढा वारा आत याले पायजे. जुन्या झाकनाले बारीक भोक असते. याले नाही. पंप किती ओढीन? अन् भरल्या टाकीत वाऱ्याले जागाच थोडी, थो लवकरच इरळ होते. पन हे झाकन बसोलं काहून?”

“पेट्रोल चोरीला जात होते,” मी हळूच म्हणालो.

मिस्त्रींनी नाकाने हुंगले, कार्बुरेटरचे वरचे झाकण खोलले आणि एक इवलीशी सुई माझ्या तळहातावर ठेवली. “हा पाहा चोर.” भांडे भरले की आतला तरंगता गोळा वर येतो आणि ही सुई पेट्रोलची वाट बंद करते. तिचे टोक झिजून त्याला कंगोरा पडला होता. वाट पुरती बंदच होत नव्हती. जादा पेट्रोल इंजिनात जाऊन काळा धूर होत होता. तो धूर मी गाडीच्या म्हातारपणाच्या खात्यावर टाकला होता.

वहिनींच्या डोळ्यावर पट्टी होती, कानांवर नव्हती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “भाऊजी, तो मला म्हणाला होता, ‘आई, काकांनी टाकीला कुलूप लावलं.’ मी म्हटलं, ‘अरे, गाडी रस्त्यावर उभी असते, म्हणून लावलं असेल.’”

त्या याहून एक शब्दही बोलल्या नाहीत. होळीपासून पुतण्या माझ्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच का बोलत होता, ते मला त्या घाटात कळले. बंद झाकणाच्या टाकीतून चार थेंबच येतात.

दादांचे जुने झाकण डिकीतच पडले होते. ते बसवले आणि गाडी एकदाही न ठसकता घरी आली. रात्री मी पुतण्याला बोलावले, सगळी हकीकत सांगितली आणि म्हणालो, “मी चोर समजलो तुला. चूक झाली माझी.” कुलपाचे झाकण त्याच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ ते हातात फिरवीत राहिला. मग म्हणाला, “काका, याला एक बारीक भोक पाडता येईल.”

“पाड,” मी म्हटले, “पण किल्ली तूच ठेव.”