एक ओळ लिहिली आणि अख्खं पान पालटलं!

सगळे मथळे एकदम किरमिजी झाले! एकदम! स्टाइलशीट नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये मी एक ओळ लिहिली, ब्राउझर रिफ्रेश केला, आणि वरचा मथळा, मधला मथळा, पार तळाचा मथळा, सगळे किरमिजी! एकेकाला हात लावावा लागला नाही हो! मी कुणी इंजिनियर नाही, जाणकार तर मुळीच नाही. दोन पुस्तकं हाती लागलीत आणि आता भेटेल त्याला ही स्टाइलशीटची भाषा, सीएसएस, सांगत सुटलेय. आज तुम्ही सापडलात!

पहिलं पुस्तक जेफ्री झेल्डमन यांचं, 'डिझायनिंग विथ वेब स्टँडर्ड्स', २००३ सालचं. त्या काळी वेबचं पान कशानं बांधायचे, माहितीये? टेबलांनी! टेबलाच्या खणात टेबल, त्याच्या खणात आणखी एक, आणि जागा सोडायची तर एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र ताणून बसवायचं! चित्र, पण दिसायचं नाही, नुसती जागा अडवायची! आणि सीएसएस तर तेव्हा होतं की! हाकोन विउम ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत असताना ऑक्टोबर १९९४ मध्ये कल्पना मांडली, आणि मग बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि मग डिसेंबर १९९६ मध्ये पहिली आवृत्ती प्रमाण म्हणून मान्यही झाली. पण ब्राउझर ते नीट पाळेनात! म्हणून १९९८ मध्ये झेल्डमन आणि मंडळींनी 'वेब स्टँडर्ड्स प्रोजेक्ट' काढून ब्राउझरवाल्यांचा पिच्छाच पुरवला. मजकूर काय आहे ते एचटीएमएल सांगेल, कसा दिसावा ते सीएसएस सांगेल. केवढी साधी वाटणी!

दुसरं पुस्तक 'एरिक मेयर ऑन सीएसएस'. हे तर हात धरून कामालाच लावतं! सुरुवातीलाच एक जुनं टेबलवालं पान घेऊन ते पायरीपायरीनं मोकळं करायचं. आणि मग कळलं की पानावरची प्रत्येक गोष्ट चौकोनात राहते, आत मजकूर, त्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर, मग मार्जिन, आणि मग मी दोन परिच्छेद एकाखाली एक ठेवले, वरच्याला खालून २० पिक्सेल मार्जिन, खालच्याला वरून ३०, आणि मधलं अंतर किती आलं? पन्नास? नाही! तीस! मोठी मार्जिन राहते, छोटी तिच्यात विरून जाते! कुणीतरी बसून किती बारीक विचार केलाय हा!

आणि आता आपल्या घरचं ऐका! यादीच्या आकड्यांना फक्त 'देवनागरी' म्हणून सांगायचं, की १, २, ३! खरंच, सीएसएसमध्ये ही सोय आहे! आणि एचटीएमएलमध्ये पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद केली, आणि फॉन्टमध्ये तशी तरतूद असली, तर ल आणि श हिंदी वळण सोडून आपल्या मराठी वळणाचे उमटतात! अक्षरं तीच, टायपिंग तेच, फक्त भाषा सांगितली! मी तर 'शाल' लिहून कितीतरी वेळ बघत बसले.

मला सर्वांत जास्त भिडलं ते मात्र डोळ्यांना न दिसणारं. मथळा नुसता मोठा आणि ठळक केला तर पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध वाचकाला तो मथळा आहे हे कळतच नाही. मथळा म्हणून खूण केली, की तो वाचक या मथळ्यावरून त्या मथळ्यावर उडी मारत अख्खं पान चाळू शकतो! हे पाळायला जास्तीचा खर्च नाही, कष्ट नाहीत, मग आपल्या सगळ्या मराठी पानांवर हे का नसावं? असायलाच हवं!

आणि अजून ग्रिड राहिलंच! ही पुस्तकं आली तेव्हा ते नव्हतं, मोठ्या ब्राउझरांत २०१७ साली आलं, आडव्या-उभ्या रेघा आखायच्या आणि हवं ते हव्या त्या खणात, तेही टेबलाशिवाय! चला, तुमच्या कॉम्प्युटरवर नोटपॅड आहे ना? तेवढं पुरतं! उघडा, मथळा तुम्ही लिहा, रंग मी सांगते!