एका खंजिराकडून दोन कामं

घरात बंदूक ठेवायची नाही, हे आम्ही टेक्सासात घर घेतलं तेव्हाच ठरलं. मुलं लहान होती आणि बायकोचं म्हणणं साफ होतं : "जिला कुलूप घालून किल्ली लपवावी लागते, ती वस्तू रात्री दोन वाजता काय कामाची?" मला ते पटलं. पण आमचं घर सॅन अँटोनिओच्या बरंच बाहेर, एकराभर जागेत आहे. कुंपणापलीकडे रानडुकरं जमीन उकरत असतात, रात्री कायोटी ओरडतात, आणि 911 ला फोन केला तरी शेरिफची गाडी पोचायला वेळ लागणार, हे आमच्या भागातले सगळेच धरून चालतात. हाताशी काहीतरी असावं असं वाटत होतं. ज्याचं लहानपण कोल्हापूरच्या पेठेत, मर्दानी खेळाच्या आखाड्यात गेलं, त्याच्या मनात अशा वेळी पातंच येतं.

त्यातच शेजाऱ्याकडे सुरे फेकायचा नाद लागला. शेजारी निवृत्त वेल्डर. मागच्या अंगणात कॉटनवुडच्या ओंडक्याच्या जाड चकत्या तिकाटण्यावर उभ्या करून तो दर रविवारी सुरे फेकतो. टोक लाकडात शिरताना जो आवाज येतो, तो एकदा आपल्या हातून निघाला की पुन्हा काढावासा वाटतोच. म्हणून मी मनाशी ठरवलं : एक मोठा, न मिटणाऱ्या पात्याचा, दुधारी खंजीर घ्यायचा. रात्री घराच्या राखणीला तोच आणि रविवारी ओंडक्यावरही तोच.

आमच्याकडे असं पातं शोधायला लोक गन शोला जातात. मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा लागतात. बंदुकांच्या मधेमधे पात्यांचीही टेबलं असतात. माझी नजर अर्कान्सा टूथपिकवर खिळली. सरळ, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं, दोन्ही कडांना धार असलेलं लांब पातं. काहींचं तर फुटापेक्षाही मोठं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या सरहद्दीवरच्या मुलखात हा खंजीर बोवी सुऱ्याच्या बरोबरीने वावरला. तो फेकायच्या हिशेबाने तोललेला असे, असं आजही सर्रास सांगतात. टेबलामागचा माणूस स्वतः भट्टीवर काम करणारा होता. कशासाठी हवाय, असं त्याने विचारलं. मी दोन्ही कामं सांगितली. त्याने तो खंजीर तर्जनीवर आडवा ठेवला. तोल मुठीच्या अगदी लगत निघाला. मग टेबलाखालून एक काळपट, सपाट, बिनधारेचा सुरा काढून तोही तसाच ठेवला. त्याचा तोल जवळपास मधोमध होता. पुढे त्याने काही विकायचा आग्रह धरला नाही. दोन्ही पाती माझ्या हातात दिली आणि नीट बघा म्हणाला.

मी बघत गेलो तसा माझा बेत उसवत गेला. खंजिराची मूठ आणि पातं यांच्यामध्ये आडवी पट्टी असते. भोसकताना घामाने ओला झालेला हात पुढे घसरून स्वतःच्याच धारेवर जाऊ नये म्हणून ती असते, आणि जवळच्या झटापटीत तिच्याशिवाय खंजीर धरणं हा वेडेपणा आहे. फेकताना तीच पट्टी आड येते. सुरा हातातून साबणाच्या वडीसारखा, कुठेही न अडता सुटायला हवा. पट्टीला बोट लागलं की त्याचं फिरणं बिघडतं. मुठीचंही तसंच. हातात राहणाऱ्या शस्त्राची मूठ गोलसर, खरखरीत, पकड धरणारी असते. फेकायच्या सुऱ्याला बहुतेक वेळा वेगळी मूठ नसतेच. एकाच पोलादी पट्टीतून तो सबंध कापलेला असतो. लाकडी किंवा शिंगाची मूठ रिव्हेट मारून बसवली, तर ओंडक्यावरून उलटून पडण्याचे धक्के तिला फार दिवस सोसत नाहीत.

सगळ्यात मोठा झगडा पोलादाचा. धार टिकायची तर पातं कडक हवं. चांगल्या खंजिराचं पोलाद रॉकवेल मापावर साधारण 56 ते 58 असतं. फेकायचा सुरा मुद्दाम नरम ठेवतात, पन्नाशीच्या आसपास किंवा त्याहून खाली, कारण आडवा आदळला की तो वाकला पाहिजे, तुटता कामा नये. वाकलेलं टोक हातोडीने सरळ करता येतं. कडक पोलादाचं बारीक टोक उडालं तर ते कुणाच्या डोळ्यात जाईल, सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातला फेअरबर्न-साइक्स खंजीर या बाबतीत बघण्यासारखा आहे. शांघायच्या पोलिसांत एकत्र काम केलेल्या फेअरबर्न आणि साइक्स या दोघांनी त्याची रचना केली, विल्किन्सन स्वॉर्डने तो घडवला आणि ब्रिटिश कमांडोंच्या हाती तो गेला. हातात धरायचं शस्त्र म्हणून त्याची ख्याती जगभर झाली. पण त्याचं टोक इतकं बारीक की ते मोडतं, ही तक्रार त्या काळीही होती. तसलं पातं ओंडक्यावर फेकणं म्हणजे चांगल्या कारागिरीचा घात.

आणि धार. बरेच लोक सुरा पात्याकडून धरून फेकतात, कारण अंतर बदललं की पकडही बदलावी लागते. दुधारी खंजीर तसा धरला तर तळहात चिरला म्हणून समजा. म्हणून फेकायच्या सुऱ्याला टोक असतं, धार नसते. मग धार नसलेलं पातं रात्री राखणीला घेऊन करायचं काय?

मी त्या दिवशी काही न घेता घरी आलो. जिम बोवीच्या गोष्टी इथे पोरासोरांनाही पाठ आहेत, तेव्हा पुढचे काही दिवस त्या नव्याने वाचल्या. 1827 च्या सप्टेंबरात मिसिसिपीच्या पात्रातल्या वाळूच्या पट्ट्यावर झालेल्या मारामारीने त्याचा सुरा देशभर गाजला. त्या मारामारीत त्याला गोळ्या लागल्या होत्या, तलवारीचा वार बसला होता, आणि त्याला तारलं ते त्याने न सोडलेल्या सुऱ्याने. त्याने तो फेकला असता तर 1836 मध्ये अलामोच्या वेढ्यात मरायला तो उरला नसता. अलामो आमच्या घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर आहे. मुलांना घेऊन मी तिथे जातो, आणि आता तिथे उभा राहिलो की मला हीच गोष्ट आठवते.

मग कोल्हापूरला वस्तादांना फोन लावला. वय झालंय, पण आवाज अजून खणखणीत आहे.

"वस्ताद, एक मोठा खंजीर घ्यावा म्हणतोय."

"घे की. कशाला?"

"घरात असावा म्हणून. आणि इथं फेकायचा खेळ असतोय, त्याला पण."

"दोन्हीला एकच?" ते थांबले. "तुला कट्यार कुणी फेकायला शिकवली होती का रे? आणि विट्याला दोरी कशाला असती, ते इसरलास व्हय?"

मला पुढे काही विचारावं लागलं नाही. कट्यारीची मूठ आठवा : दोन उभ्या पट्ट्या मनगटाच्या दोन्ही बाजूंनी मागे जातात, मधल्या आडव्या दांड्या मुठीत येतात, पातं थेट बंद मुठीच्या पुढे निघतं. ते शस्त्र हातातून निसटूच नये असं घडवलेलं आहे. दांडपट्ट्यात तर हात कोपराजवळपर्यंत लोखंडी खोळीतच जातो. 1659 मध्ये प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अफजलखानाच्या भेटीला जाताना जी वाघनखं आणि बिचवा जवळ ठेवला, तीही मिठीच्या अंतरावरची, हातातली शस्त्रं. आणि जे फेकायचं, त्या विट्याला, म्हणजे लहान भाल्याला, दोरी असते. तिचं दुसरं टोक मनगटाला बांधलेलं. फेकला, लागला नाही, तर ओढून परत हातात. आपल्या शस्त्र घडवणाऱ्यांनी हा प्रश्न किती नेमका सोडवला होता! सोडायचं शस्त्र वेगळं, धरायचं वेगळं, आणि सोडायच्या शस्त्रालाही पूर्ण सोडायचं नाही. लहानपणी तो विटा मी फिरवला होता, दोरीने मनगट सोलवटलं होतं. पण त्या दोरीमागचा विचार टेक्सासात खंजीर निवडताना कळला.

स्वतःच्या बचावासाठी सुरा फेकायची कल्पना सिनेमाने आपल्या डोक्यात घातली आहे, आणि ती काढून टाकली पाहिजे असं मला मनापासून वाटतं. फेकलेला सुरा हवेत फिरत जातो. साधारण तीन मीटरवर त्याचा एक पूर्ण फेरा होतो, दोनवर अर्धा, चारवर दीड. हे अंतर पावलाने मोजून, समोर न हलणारं लाकूड ठेवून, दिवसाउजेडी साधावं लागतं. अंधारात पुढे येणारा माणूस त्या मापात उभा राहत नाही. टोक लागण्याऐवजी मूठ लागली, तर आपण रिकाम्या हाताने उभे आणि शस्त्र त्याच्या पायाशी. घराची राखण मुख्यतः दाराच्या कडीने, अंगणातल्या दिव्याने आणि कुत्र्याने होते. आम्ही आधी दिवे बदलले, मागच्या दाराला भक्कम कडी बसवली आणि एक कुत्री आणली. माझ्या मते राखणीच्या खर्चात पात्याचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो.

शेवटी मी दोन वेगळ्या खरेद्या केल्या. पहिला एक साधा खंजीर, पाच इंचांच्या आसपास पात्याचा. मोठा घ्यायचा हट्ट सोडला, कारण घरातल्या अरुंद बोळकांडीत फुटाचं पातं फिरतच नाही. शिवाय कायद्याचा विचार होता. टेक्सासात 2017 च्या 1 सप्टेंबरपर्यंत खंजीर, बोवी सुरा आणि फेकायसाठी घडवलेली पाती ही सगळी बाहेर बाळगायला बेकायदा होती. आता ती बाळगता येतात. पण साडेपाच इंचांहून लांब पातं शाळेत, कोर्टात, इस्पितळात, प्रार्थनास्थळी नेता येत नाही. गाडीतून थेट मंदिरात जायची सवय असलेल्या आमच्यासारख्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. भारतात मोजमाप वेगळं आहे : पातं 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलं आणि ते घरकाम-शेतीचं अवजार नसलं, तर ते शस्त्र नियमांच्या कचाट्यात येतं. मोठा खंजीर कौतुकाने कोल्हापूरला न्यायचा विचार त्यामुळे तिथेच संपला. निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या. पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड गेलेलं आहे का. ओल्या हाताने मूठ फिरते का. आणि म्यान उलटं धरून झटकलं तर खंजीर आतच राहतो का. तिसरी गोष्ट लोक बघतच नाहीत, आणि घरात मुलं असताना तीच सर्वांत महत्त्वाची.

दुसरी खरेदी तीन एकसारख्या सुऱ्यांची. एकसारखेच हवेत, कारण वजन थोडं बदललं तरी हात चुकतो. लांबी बारा इंचांच्या वर, वजन इंचाला सुमारे एक औंस, म्हणजे प्रत्येकी साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. नवशिके हलके, सहा-सात इंची सुरे घेतात. ते भिंगरीसारखे फिरतात आणि शिकणाऱ्याला काही कळू देत नाहीत. लांब आणि जड सुरा सावकाश फिरतो, त्यामुळे कुठे काय बिनसलं ते दिसतं.

मोठी मुलगी माझ्याबरोबर फेकते. तिला मी आधी ओंडक्यातली खूण वाचायला शिकवलं. मुठीकडून धरून फेकलेला सुरा लाकडात टोक वर आणि मूठ खाली करून रुतला, तर त्याचा फेरा अपुरा राहिला, अर्धं पाऊल मागे जायचं. मूठ वर राहिली, तर फेरा जास्त झाला, पुढे यायचं. हाताचा जोर बदलायचा नाही, पाय बदलायचे. बघणारा नेहमी फेकणाऱ्याच्या मागे उभा राहतो, कारण न रुतलेला सुरा कित्येक मीटर उलटा येतो. पायात बंद बूट, आणि सगळे सुरे पडेपर्यंत कोणी ओंडक्याकडे जात नाही. सुरे एकमेकांवर आपटले की कडांना पोलादाची बारीक कुसळं उठतात. ती दर खेपेला कानशीने घासून काढायची, नाहीतर बिनधारेचा सुराही हात कापतो. ओंडका रात्री ओला करून ठेवला तर टोक सहज शिरतं. ओक वापरायचं नाही, फार टणक, कॉटनवुड उत्तम.

शेजाऱ्याला मी विट्याची गोष्ट सांगितली. दोरीचं दुसरं टोक नेमकं कुठे बांधतात, किती लांब असते, असं त्याने बारकाईने विचारलं. भाल्याचं पातं आपण घडवू म्हणतोय. पुढच्या खेपेला कोल्हापूरला गेलो की वस्तादांचा विटा वितीने मोजून, दोरीची गाठ बघून यायचं आहे.