मराठा खंदकाकाठचे बागबाजार

कोलकात्याला गेलेला मराठी प्रवासी सहसा काय पाहतो? कालीमातेचे मंदिर, बेलूर मठ, व्हिक्टोरिया मेमोरियल आणि हावडा पूल. उरलेला वेळ साड्यांच्या खरेदीत जातो. पण शहराच्या उत्तरेला, हुगळीच्या काठावर, बागबाजार नावाची एक जुनी वस्ती आहे. तिथल्या एका गल्लीचे नाव वाचून मराठी माणूस जागीच थबकेल. ते नाव आहे 'मराठा डिच लेन', म्हणजे मराठा खंदक गल्ली!

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालवर चालून गेली. या स्वारांना बंगाली लोक 'बर्गी' म्हणू लागले. आपला 'बारगीर' तोच हा शब्द. त्यांच्या लुटालुटीची धास्ती एवढी बसली, की बंगाली अंगाईगीतातही बर्गी येऊन बसले. शहराच्या रक्षणासाठी बागबाजारपासून खंदक खणायला सुरुवात झाली. खर्च रहिवाशांनीच उचलला. बेत सात मैलांचा होता. सहा महिन्यांत सुमारे तीन मैल खणून झाले. मराठे मात्र कोलकात्यावर आलेच नाहीत. पुढे १७९९ मध्ये खंदकाचा मोठा भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला.

खंदक गेला, पण पदरमोड करून एकत्र येण्याची सवय या वस्तीत राहिली. आज बागबाजारचे नाव घेतले जाते ते पूजा, नाटक, जात्रा आणि पुस्तके यांसाठी. इथे वर्षभर काही ना काही चालू असते. म्हणून बागबाजारला कधी जायचे, हे तिथले पंचांग पाहूनच ठरवावे!

रथयात्रेला सुपारी

बागबाजारचा कलेचा मोसम आषाढात, रथयात्रेच्या दिवशी सुरू होतो. येथून दक्षिणेकडे जाणारा चितपूर रोड, म्हणजे आताची रवींद्र सरणी, हे जात्रा कंपन्यांचे माहेरघर. जात्रा हे बंगालचे लोकनाट्य. नव्या मोसमाच्या खेळांचे करार रथयात्रेच्या मुहूर्तावर करण्याची इथे परंपरा आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी सुपारी द्यायला येतात, तसाच हा प्रकार. जवळच्या कुमारटुलीत त्याच दिवशी मूर्तीच्या सांगाड्याची पूजा होते आणि कारागीर दुर्गेच्या मूर्ती घडवायला घेतात.

बारा मित्रांची पूजा

आश्विनात दुर्गापूजा. पूर्वी ती जमीनदारांच्या वाड्यात व्हायची. पुढे लोकांनी वर्गणी काढून स्वतःची पूजा सुरू केली. तिला 'बारोयारी', म्हणजे बारा मित्रांची पूजा म्हणत. बागबाजारची सार्वजनिक पूजा १९१९ ची. लोकमान्यांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली, त्याच धर्तीचे हे काम. सुभाषचंद्र बोस या पूजेचे अध्यक्ष होते. पूजेच्या मैदानात स्वदेशी मालाचे प्रदर्शन भरवण्याची प्रथा त्या काळी पडली. अष्टमीला 'वीराष्टमी' म्हणून लाठीकाठीचे खेळ होऊ लागले.

आज कोलकात्यातले बहुतेक मंडप दरवर्षी नवा विषय, नवी सजावट शोधतात. बागबाजारने मूर्ती बदलली नाही. देवी, तिची चार मुले आणि महिषासुर एकाच चौकटीत, अंगावर चमचमते पारंपरिक साज आणि मोठे टपोरे डोळे. दशमीला देवीला निरोप देताना सुवासिनी एकमेकींना शेंदूर लावतात. तो 'शिंदूरखेला' पाहायला शहरभरातून गर्दी लोटते. २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले.

तिकीट लावायचे की नाही?

बंगाली रंगभूमीच्या इतिहासातले एक मोठे पान याच वस्तीतले आहे. १८६८ च्या सुमारास गिरीशचंद्र घोष, अर्धेंदुशेखर मुस्तफी आदी तरुणांनी 'बागबाजार हौशी नाट्यमंडळी' काढली. दुर्गापूजेच्या रात्री एका घरी त्यांनी दीनबंधू मित्रांचे 'सधवार एकादशी' हे नाटक केले. तोवर नाटक हा धनिकांच्या वाड्यातला, निमंत्रितांसाठीचा खेळ होता. या मंडळींनी ते सामान्य माणसासमोर आणायचे ठरवले.

१८७२ मध्ये वाद पेटला. 'नॅशनल थिएटर' हे नाव घेऊन तिकीट लावावे, असे इतरांचे म्हणणे. गिरीशबाबू म्हणाले, आपला पडदा, आपले सामान इतके तुटपुंजे असताना राष्ट्राचे नाव लावून पैसे कसे घ्यायचे? ते बाजूला झाले. ७ डिसेंबर १८७२ रोजी त्यांच्याविनाच 'नीलदर्पण'चा तिकीट लावून प्रयोग झाला आणि बंगालमध्ये व्यावसायिक रंगभूमीचा पाया घातला गेला. गिरीशबाबू लवकरच परत आले आणि याच रंगभूमीचे आधारस्तंभ झाले. नट, नाटककार, शिक्षक, सर्व काही! आज 'गिरीश मंच' हे त्यांच्या नावाचे नाट्यगृह बागबाजारमध्येच आहे. हौशी आणि प्रायोगिक संस्थांना असे नाट्यगृह म्हणजे मोठाच आधार.

हिवाळ्यात जात्रा आणि पुस्तके

हिवाळ्यात फणिभूषण विद्याविनोद जात्रा मंचावर राज्याच्या जात्रा अकादमीचा उत्सव होतो. एकेकाळी रात्रभर चालणारी जात्रा आता तीन तासांच्या आसपास आटोपते, पण ढोल-बासरी आणि खणखणीत संवाद तेच. त्याच दिवसांत शहरात दक्षिणेकडे डोव्हर लेनची संगीत परिषद रात्र-रात्र रंगते. सॉल्ट लेकमध्ये जानेवारीच्या अखेरीस पुस्तकमेळा भरतो. डोव्हर लेनची परंपरा १९५२ पासूनची, मेळ्याची १९७६ पासूनची.

पुस्तकांचे वेड बागबाजारला नवे नाही. बागबाजार रीडिंग लायब्ररी १८८३ ची. स्वामी विवेकानंदांनी १८९९ मध्ये सुरू केलेले 'उद्बोधन' मासिक आजही निघते. त्याच्या कार्यालयाच्या वास्तूत शारदामातांनी आयुष्याची शेवटची वर्षे काढली. लोक तिला 'मायेर बाडी', आईचे घर म्हणतात. भगिनी निवेदितांनी १८९८ मध्ये मुलींची शाळा काढली तीही इथेच. बोसपाडा गल्लीतल्या त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे. 'अमृत बाजार पत्रिका' १९९१ मध्ये बंद पडली, पण तिचे घोष बंधू आणि 'केसरी'चे टिळक यांचा स्नेह इतिहासात नोंदलेला आहे.

बर्गींच्या भीतीचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. सखाराम गणेश देउस्कर या बंगालीत लिहिणाऱ्या मराठी लेखकाच्या शिवरायांवरील पुस्तिकेच्या निमित्ताने रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये 'शिवाजी उत्सव' ही कविता लिहिली. १९०६ मध्ये कोलकात्यात शिवाजी उत्सव झाला, तेव्हा लोकमान्य स्वतः हजर होते. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी व बंगाली या दोन्ही भाषांना एकाच दिवशी अभिजात दर्जा मिळाला!

पुढची पिढी काय करील?

हा सारा पसारा कोणाच्या खांद्यावर उभा आहे? वर्गणी गोळा करणाऱ्यांच्या, दिवसभर नोकरी करून संध्याकाळी तालमीला जाणाऱ्यांच्या. मुले नोकरीसाठी बंगळूर-पुण्याला जातात आणि पूजेला चार दिवस येतात. वाड्यांची डागडुजी महाग आहे. टीव्ही आणि मोबाइलसमोर जात्रेला प्रेक्षक धरून ठेवणे सोपे नाही. आपल्याकडे तमाशाच्या फडांची आणि गावोगावच्या वाचनालयांची हीच तर व्यथा आहे!

तरीही बागबाजार आपले जुने सहजासहजी सोडत नाही. गिरीश अव्हेन्यू हा रस्ता काढताना गिरीशबाबूंचे घर मध्ये आले. घर राखले गेले आणि रस्ता त्याच्या दोन्ही अंगांनी वळवला गेला. आज वाहने त्या घराला वळसा घालून जातात.

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याला जायला गीतांजली एक्स्प्रेस आहे. हावड्याहून मेट्रोने एस्प्लनेडला गाडी बदलून श्यामबाजारला उतरले, की बागबाजार चालण्याच्या अंतरावर. पूजेला जायचे तर आरक्षण खूप आधी करावे. गर्दी नको असेल तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. याच वस्तीतल्या नवीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये रसगुल्ला लोकप्रिय केला, असे बंगाली मंडळी अभिमानाने सांगतात. हिवाळ्यात तोच रसगुल्ला खजुराच्या नव्या गुळाचा मिळतो. तो खाऊन मराठा डिच लेनमधून एक फेरी जरूर मारावी. जिथे आपल्या पूर्वजांना अडवायला खंदक खणला, तिथे आज मराठी पाहुण्याला नाटकाला आणि पूजेला सारखेच दार उघडे आहे.