मुक्तछंदाला राग चालतो

भीमगीत गायचं आणि कविता वाचायची, अशी वाटणी आपण मुकाट्याने मान्य केली आहे. गाण्याच्या मैफलीत आपली आधुनिक कविता कधी ऐकू येत नाही आणि त्याचं आपल्याला काही वाटतही नाही. मला वाटतं.

माझी पुतणी नागपुरात शास्त्रीय गायन शिकते. तिच्या वहीतल्या बंदिशींत कृष्ण आहे, सासू-नणंद आहे, पण आमच्या वस्तीतलं एक वाक्य नाही. तिने यशवंत मनोहरांचा 'उत्थानगुंफा' शिक्षकांपुढे ठेवला. यातल्या काही कविता वेगवेगळ्या रागांत बांधून सलग गीतमालिका करता येईल का, असं विचारलं. उत्तर आलं, "याला छंद नाही. हे गाण्यात बसणार नाही."

हे कारण तपासून पाहू. ग्रेस आणि सुरेश भट नागपुरातच राहिले. हृदयनाथ मंगेशकरांनी दोघांच्याही रचनांना चाली दिल्या. ग्रेस यांना दुर्बोध म्हणणारेही ती गाणी गुणगुणतात. त्या रचना छंदात होत्या, हे मान्य. मग बाराव्या शतकातल्या बसवण्णा आणि अक्कमहादेवी यांची वचनं घ्या. त्या शरण चळवळीने जातीच्या उतरंडीला आव्हान दिलं आणि ती वचनं गद्याच्या लयीत आहेत. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूर यांनी ती रागांत गायली. म्हणजे अडचण छंदाची नाही, कुणाच्या शब्दाला सूर द्यायचा याची आहे.

अमेरिकेत लँगस्टन ह्यूज या कृष्णवर्णीय कवीच्या तीन कवितांवर मार्गारेट बाँड्स या कृष्णवर्णीय संगीतकार स्त्रीने 'थ्री ड्रीम पोर्ट्रेट्स' ही गीतमालिका केली. ती १९५९ मध्ये प्रकाशित झाली. पियानो आणि मैफलीचं गायन ही गोऱ्यांची मिरास, असं मानून ती गप्प बसली नाही. १९७२ मध्ये ब्लॅक पँथरकडून आपण नाव घेतलं, तर ही हिंमतही घ्यावी.

आपल्यातलेच काही विचारतील, ब्राह्मणी संगीत आपल्याला कशाला? ख्याल मुस्लिम उस्तादांच्या घराण्यांनी घडवला, तवायफांनी जपला. चामडं कमावणाऱ्या हातांशिवाय तबल्यावर पुडी चढत नाही. राग कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. शिवाय आपल्याला रागाकडून प्रतिष्ठेचं प्रमाणपत्र नको आहे. भीमराव कर्डकांच्या जलशांना ते कधी लागलं नाही, वामनदादांच्या गाण्यांनाही नाही.

अट एकच, शब्द बुडता कामा नये. संतापाच्या ओळीवर तानांची नक्षी काढली, तर संताप शोभेचा होतो. पण आलापाला ताल लागत नाही. मुक्तछंदाच्या लांब ओळी तंबोऱ्यावर तशाच मोकळ्या म्हणता येतील. घाव घालणारी ओळ ठेक्यावर परत परत येईल. मारव्याच्या कातरवेळेपासून भैरवाच्या पहाटेपर्यंत पाच कवितांचा प्रवास बांधता येईल.

यासाठी कुठल्या सभागृहाची वाट पाहू नका. बुद्धविहारात सतरंजी आहे, वस्तीत गाणारी मुलं-मुली आहेत. दीक्षाभूमीवरून दरवर्षी आपण पिशव्या भरून पुस्तकं नेतो. त्यातला एक कवितासंग्रह निवडा, कवीची परवानगी घ्या आणि तंबोरा जुळवा.

जयभीम!