औषधाला प्रश्न विचारणारी विद्या

माझे वडील डोंबिवली एमआयडीसीतील एका औषध कारखान्यात पिंपे उचलण्याचे काम करीत. पिंपावरचे नाव त्यांना वाचता येई; पण ते औषध माणसाच्या अंगात जाऊन काय करते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. मी औषधक्रियाशास्त्र, म्हणजेच फार्माकॉलॉजी, हा विषय घेतला तेव्हा नातेवाईक म्हणाले, "मेडिकल टाकायला एवढे शिकायचे कशाला?" हा प्रश्न आपल्या वस्तीत आजही ऐकू येतो, म्हणून हा लेखप्रपंच.

मेडिकल दुकानासाठी दोन वर्षांची डी. फार्म. पदविका आणि नोंदणी पुरते. फार्माकॉलॉजीची वाट त्यापुढची आहे. औषध रक्तात कसे मिसळते, यकृत त्याचे काय करते, किती मात्रेत गुण येतो आणि किती मात्रेत अपाय होतो, हे तपासणारे हे शास्त्र आहे.

त्याचे मोल किती, ते १९६० साली दिसले. थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध युरोपात गर्भवती स्त्रियाही घेत होत्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनात फ्रान्सिस केल्सी या बाई फार्माकॉलॉजीच्या डॉक्टरेट होत्या. कंपनीचा तगादा सुरू असतानाही त्या पुरावा मागत राहिल्या. परवानगी दिली नाही. १९६१ साली उलगडा झाला. जगभर हजारो बालके हातापायांचे व्यंग घेऊन जन्मली होती. केल्सीबाईंच्या हट्टामुळे अमेरिकेत ते औषध त्या काळी बाजारात आलेच नाही.

तथागतांनी कालामांना हेच सांगितले नाही का? कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासून घ्या.

बारावी विज्ञान, मग सीईटी, चार वर्षांची बी. फार्म., जीपॅट परीक्षा आणि दोन वर्षांची एम. फार्म. असा हा मार्ग आहे. एमबीबीएसनंतर एम.डी. करूनही या विषयात येता येते. पुढे अध्यापन, कंपनीची प्रयोगशाळा, रुग्णांवरील औषध-चाचण्यांचे काम अशा वाटा आहेत. फार्मसीच्या पदवीवर अन्न व औषध प्रशासनात औषध निरीक्षक होता येते. मी स्वतः ठाण्यात औषध-सुरक्षेचे काम करते. कोणत्या गोळीने कुणाच्या अंगावर पुरळ उठले, कुणाला चक्कर आली, याच्या नोंदी तपासते. भारत सरकारचा असा कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे. औषधाचा त्रास झाल्यास सामान्य माणूसही १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर फुकट कळवू शकतो.

पैशांची अडचण खरी आहे. पण मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, संशोधनासाठी पुण्याच्या 'बार्टी'ची अधिछात्रवृत्ती आहे. आयांनो, मुलगी बारावीला असतानाच जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे लागा. कागद नाही म्हणून प्रवेश अडायला नको.

नव्या औषधाची चाचणी शेवटी माणसावरच होते. २०१९ च्या नियमांनुसार तिला नीतिविषयक समितीची मान्यता लागते आणि रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. पण गरीब, अडाणी माणसाला त्याच्या भाषेत समजावणार कोण? त्याच्या बाजूने प्रश्न विचारणार कोण? त्या टेबलापाशी आपल्या घरची शिकलेली लेक बसलेली असली पाहिजे. मेडिकलचे दुकान वाईट नाही, बंधू-भगिनींनो. पण मुलांची नजर तेवढ्यावरच अडकवू नका.

जयभीम!