जिम लॉवेल दोनदा चंद्राकडे गेले होते

७ ऑगस्ट २०२५ ला जिम लॉवेल गेले. सत्त्याण्णव वर्षांचं भरलं आयुष्य जगून गेले, त्याचं दुःख करण्यासारखं नव्हतं. पण दोन-तीन दिवसांनी एका पेपरात आतल्या पानावर चौकट आली आणि तिच्यात त्यांची ओळख दिली होती ती अशी: चंद्रावर पाऊल ठेवण्याचं स्वप्न अपुरं राहिलेले अंतराळवीर. ते वाचून माझं जे डोकं फिरलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही.

अपोलो मोहिमांतून चोवीस माणसं चंद्रापर्यंत जाऊन आली. त्यातली बारा उतरली. दोनदा जाऊन आलेले फक्त तिघं, आणि त्या तिघांत पहिले लॉवेल. १९६८ च्या डिसेंबरात अपोलो ८ मधून बोरमन आणि अँडर्स यांच्यासोबत चंद्राभोवती दहा फेऱ्या मारून आले, तेव्हा त्यांच्या आधी एकाही माणसाने चंद्राची मागची बाजू डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. अशा माणसाच्या नावापुढे 'अपुरं' हा शब्द लिहायला हात कसा धजावतो?

मी अमरावतीचा. अंबादेवीच्या मागच्या बाजूला वाडा, वाड्यात सात बिऱ्हाडं, आणि रेडिओ एकाच घरी. अपोलो ८ च्या वेळी मी लहान होतो, अपोलो ११ च्या वेळी सगळं गावच वेडं झालं होतं, त्यामुळे ते सांगत बसत नाही. मला सांगायचं आहे ते एप्रिल १९७० चं.

१४ एप्रिल, मंगळवार. भीमजयंतीचा दिवस. संध्याकाळी मिरवणूक पाहून परतलो, तर वाड्यातले काकाजी ओसरीवर रेडिओला कान लावून बसलेले. अपोलो १३ मध्ये स्फोट झाला होता. ऑक्सिजनची एक टाकी फुटली, दुसरी गळायला लागली. मुख्य यानातली वीज आणि हवा दोन्ही जायच्या मार्गावर. स्फोट झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेआठ वाजून गेले होते, म्हणजे आम्ही दिवसभर गुलाल पाहत हिंडत होतो आणि वर ते तिघं, लॉवेल, स्विगर्ट आणि हेझ, चंद्रावर उतरण्यासाठी जोडलेल्या 'अ‍ॅक्वेरियस' या छोट्या यानात शिरून जीव वाचवत होते. दोघांनी साधारण दोन दिवस वापरायचं ते यान. त्यात तिघांना चार दिवस काढायचे होते.

मान वर केली तर चंद्र बरोब्बर डोक्यावर. चैत्रातला अष्टमी-नवमीचा, अर्ध्याहून थोडा जास्त. काकाजी कापसाच्या अडतीवर कामाला, शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी विचारलं, "बापू, गाडी बिघडली तर मंग लगेच माघारी काऊन नाही फिरत थे? पुढं कायले जाऊन राहिले?"

माझ्या मते त्या आठवड्यात जगात विचारला गेलेला तो सगळ्यात नेमका प्रश्न होता. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात उड्डाण-संचालक जीन क्रान्झ यांच्यासमोरही हाच प्रश्न पडलेला होता. यान पृथ्वीपासून तीन लाख किलोमीटरच्या वर गेलं होतं. जागच्या जागी उलट फिरायचं तर मागचं मोठं इंजिन पेटवावं लागणार, आणि स्फोट झाला तो त्या इंजिनाच्याच भागात. ते पेटेल का फुटेल, कोणाला ठाऊक? म्हणून त्यांनी पुढे जायचं ठरवलं. चंद्राच्या मागून जायचं, त्याच्याच ओढीने मार्ग वळवून घ्यायचा आणि घराकडे सुटायचं. मी काकाजींना गोफणीचं सांगितलं. ज्वारीच्या मचाणावर बसून त्यांनी जन्मभर गोफण फिरवलेली, ते लगेच म्हणाले, "अस्सं! म्हणजे चंद्रच त्यायले फेकून देईन."

पण आपोआप फेकून देईल अशा वाटेवर यान नव्हतंच, आणि इथेच माझा जीव अडकतो. उतरण्याच्या जागेच्या सोयीसाठी त्यांनी आदल्या दिवशीच ती परतीची वाट सोडलेली होती. काही केलं नसतं तर पृथ्वी हुकली असती. म्हणून आपल्या दुपारी सव्वादोनच्या सुमारास अ‍ॅक्वेरियसचं इंजिन पेटवलं गेलं. हे इंजिन चंद्रावर हळूच उतरण्यासाठी बनवलेलं. अख्खं जोडयान ढकलणं हे त्याचं नेहमीचं काम नव्हे. चौतीस सेकंद चाललं, आणि वाट घराकडे वळली. दुसऱ्या दिवशी, १५ तारखेच्या पहाटे, ते चंद्रामागे गेले. संपर्क तुटला. पृष्ठभागापासून अडीचशे किलोमीटरवरून गेले, पृथ्वीपासून चार लाख किलोमीटरपलीकडे. तोवर कुठलाच माणूस घरापासून इतका लांब गेला नव्हता. आमच्याकडे चंद्र तेव्हा मावळून गेला होता, आणि मला यातलं काही कळण्याचा मार्ग नव्हता. दोन तासांनी तेच इंजिन पुन्हा साडेचार मिनिटांच्या आतबाहेर चालवून त्यांनी वेळ वाचवला.

मग थंडी. यानात तीन-चार अंशांवर पारा, प्यायला माणशी दिवसाला जेमतेम पेलाभर पाणी. उच्छ्वासाचा वायू साचायला लागला, तर मुख्य यानातले चौकोनी डबे अ‍ॅक्वेरियसच्या गोल खाचेत बसेनात. प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा, अंतराळ-पोशाखाची नळी आणि चिकटपट्टी यांवर ते डबे चालवले. परीक्षा आटोपून १७ तारखेला मी एसटीने अकोल्याला मामांकडे निघालो, तेव्हा बाहेर वऱ्हाडातला एप्रिल पेटलेला आणि वर ते तिघं कुडकुडताहेत, हे मनात काही केल्या जुळेना.

त्याच रात्री यान परतायचं होतं. जठारपेठेतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर सगळे झोपायला आले. मामांच्या ट्रान्झिस्टरचे सेल उतरलेले. मामीने ते दुपारभर उन्हात ठेवले होते, तेवढ्याने थोडी धुगधुगी यायची. शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिका येई आणि जाई. इंग्रजी मला अर्धंच कळत होतं. यान वातावरणात शिरलं की काही मिनिटं आवाज बंद होतो हे मला माहीत होतं, पण ती मिनिटं नेहमीपेक्षा लांबली. मामांनी ट्रान्झिस्टर हातात धरून गच्चीच्या कठड्यापर्यंत नेला, तिथे जरा स्पष्ट ऐकू येई. साडेअकरा वाजून गेल्यावर टाळ्यांचा आवाज आला. मामा फक्त म्हणाले, "आले लेकाचे." आणि डोळे पुसले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी हे सगळं लिहून काढलं आणि इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी जाण्या-येण्याची वाट रंगीत खडूने काढून भित्तिपत्रकाला दिली. ते काम पाहणाऱ्या सरांनी माझं शीर्षक खोडलं. 'फसलेली मोहीम' असं मोठ्या अक्षरात लिहिलं. चित्र जागेअभावी काढून टाकलं आणि तिथे सुविचार लावला. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "उतरले का? नाही ना? मग फसलीच." वर्गासमोर म्हणाले. पंचावन्न वर्षं उलटून गेली, आणि मला अजून वाटतं की ते चित्र तरी ठेवायला हवं होतं. मजकूर कोणीही लिहील. ती वाट पाहिल्याशिवाय ही माणसं कशी परतली ते पोरांना समजत नाही.

शिक्षकांना आणि आईबापांना म्हणूनच सांगतो, पोरांना चंद्र पौर्णिमेला दाखवू नका, अष्टमीला दाखवा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, सगळं सपाट दिसतं. अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा साध्या दुर्बिणीतूनही उठून दिसतात. महागडा टेलिस्कोप घेऊ नका, तो माळ्यावर जातो. त्यापेक्षा त्यांना लोणारला न्या. आपल्या बुलडाण्यातलं हे विवर बेसाल्टमध्ये आदळून झालेलं, चंद्रावरच्या विवरांशी नातं सांगणारं. अमेरिकन आणि भारतीय भूशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये ते सिद्ध केलं. आपल्या पोरांना मात्र तिथे फक्त देवळं दाखवून परत आणतात.

उतरणं म्हणजेच सगळं नव्हे, असं मी आयुष्यभर भांडत आलो. पण ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चंद्रयान-२ च्या विक्रम लँडरचा संपर्क तुटला, तेव्हा टीव्हीवर कोणीतरी समजावत होतं की ऑर्बिटर तर छान फिरतो आहे, आणि मी तो टीव्ही बंद केला. नुसतं फिरण्याचं कौतुक त्या दिवशी मला ऐकवेना. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा राजकमल चौकातून पेढे आणून अख्ख्या अपार्टमेंटमध्ये वाटले. मुलगा म्हणाला, "बाबा, तुमचे सरही हेच म्हणत होते ना?" मी उत्तर दिलं नाही; त्या सरांनी विक्रमला फसलेला म्हटलं असतं तर तेही मला सहन झालं नसतं.

पुढे नासाच्या आर्टेमिस-२ मोहिमेची तयारी चालू होती. वाइझमन, ग्लोव्हर, कॉक आणि हॅन्सन, चौघं चंद्राला वळसा घालून परत येणार होती, उतरणार नव्हती. वाट बरीचशी तीच, चंद्राच्या ओढीवर घरी येण्याची. या वेळी मात्र मुद्दाम ठरवून. नातवाने विचारलंच, "आजोबा, उतरायचं नाही तर कायले जाऊन राहिले?" त्याला मी कागद दिला आणि पृथ्वी-चंद्राची दोन वर्तुळं काढून मधली वाट काढायला लावली. तीनदा त्याची वाट चंद्रावर जाऊन आदळली. चौथ्यांदा मागून गेली, पण परतताना पृथ्वी हुकली. तो चिडला, आणि नवा कागद मागून पुन्हा बसला.